‘मजूर मिळत नाहीत’ : जुन्नर-आंबेगावच्या श्रमाचा इतिहास (धागा)

१/
‘मजूर मिळत नाहीत.’ कांदा काढणीच्या दिवसांत नारायणगाव, ओतूर, मंचर, कळंब, कुठेही उभे राहा, हे वाक्य चहाच्या टपरीपासून बाजार समितीच्या आवारापर्यंत ऐकू येते. त्याच्या पाठोपाठ दुसरे वाक्य येते : ‘लोकांना आता कामच नको आहे.’ पहिले वाक्य ही तक्रार आहे, दुसरे हे निदान. तक्रार खरी असू शकते. निदान मात्र इतिहासाच्या कसोटीवर टिकत नाही. आजचा धागा त्या निदानाविषयी.

२/
माणूस मजुरीला, नोकरीला केव्हा बाहेर पडतो आणि केव्हा पडत नाही, या प्रश्नाला अर्थशास्त्रात ‘श्रमसहभागा’चा प्रश्न म्हणतात. तो बहुधा आकडेवारीत मांडला जातो. आपण तो दोन तालुक्यांच्या भूगोलात मांडून पाहू. जुन्नर आणि आंबेगाव. पश्चिमेला नाणेघाट, आहुपे, भीमाशंकरचा घाटमाथा. तुफान पाऊस, उताराची जमीन, भात-नाचणी-वरई आणि प्रामुख्याने महादेव कोळी, ठाकर समाजाच्या वाड्या. पूर्वेला सपाट जमीन, कालवे, ऊस, कांदा, टोमॅटो, द्राक्षे. एस. टी.ने काही तासांचे अंतर. पण श्रमाच्या दृष्टीने हे दोन वेगळे मुलूख आहेत.

३/
सुरुवात जुन्या काळापासून करू. जुन्नरभोवतीच्या लेण्यांमधील ब्राह्मी शिलालेखांत कारागिरांच्या आणि व्यापाऱ्यांच्या संघटनांचे, म्हणजे ‘श्रेणीं’चे उल्लेख आहेत. धान्याचा व्यापार करणाऱ्यांच्या श्रेणीने लेणे आणि पाण्याचे टाके दान दिल्याची नोंद आहे. बांबूकाम करणाऱ्यांची आणि काशाची भांडी घडवणाऱ्या कासारांची श्रेणीही तेथे भेटते. नाणेघाटाने कोकणातल्या बंदरांना जोडलेले हे नगर होते. यावरून एवढे कळते, की सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीही इथे काम हे एकट्यादुकट्याच्या इच्छेवर सोडलेले नव्हते. कोण काय करणार, हे समूह ठरवत होता.

४/
मध्ययुगात आणि पेशवाईत हेच सूत्र बलुतेदारीच्या रूपाने दिसते. सुतार, लोहार, चांभार, महार, न्हावी यांची कामे जन्माने ठरलेली. मोबदला सुगीच्या वेळी धान्यात. जुन्नर शहरात कागदी लोक हाताने कागद तयार करीत आणि जुन्नरी कागदाला दफ्तरांत मान होता. पुढे यंत्रावरचा स्वस्त कागद आला आणि हा धंदा ओसरला. कारागिराच्या हातातले कौशल्य तेच राहिले, त्याची किंमत मात्र दुसरीकडे कुठेतरी ठरू लागली. ‘बेकार’ हा शब्द आपण माणसाला चिकटवतो. पुष्कळदा बेकार झालेले असते ते त्याचे कौशल्य.

५/
आता घाटमाथ्याकडे वळू. तिथल्या कुटुंबाचे वर्ष कसे असे? उन्हाळ्यात राब भाजायचा, पावसाच्या तोंडावर रोपे टाकायची, आषाढ-श्रावणात गुडघाभर चिखलात आवणी करायची, दिवाळीच्या आगेमागे कापणी-झोडणी. उन्हाळ्यात हिरडा गोळा करायचा. या सगळ्यात पैशाने विकत घेतलेली मजुरी जवळजवळ नव्हती. एकमेकांच्या शेतावर पाळीपाळीने राबण्याला सावड म्हणत. मोठ्या कामासाठी गाव एकत्र आला, की ते इर्जिक. काम भरपूर होते. ‘मजूर’ नावाचा वेगळा माणूस नव्हता.

६/
या व्यवस्थेचा सर्वांत सुंदर नमुना म्हणजे पडकई. डोंगरउतारावर दगडांचे बांध रचून माती अडवायची आणि एकेक भातखाचर घडवायचे. हे काम एका कुटुंबाच्या आवाक्यातले नसते. म्हणून काही कुटुंबे एकत्र येत आणि आज याच्या, उद्या त्याच्या उतारावर राबत. आंबेगावच्या पश्चिम भागातली कित्येक खाचरे अशी तयार झाली आहेत. मजुरीच्या कोणत्याही नोंदवहीत या श्रमाचा उल्लेख सापडणार नाही, कारण कोणी कोणाला पैसे दिलेच नाहीत. पुढे जनगणनेकडे येऊ तेव्हा हे लक्षात ठेवा.

७/
१८१८ मध्ये पेशवाई संपली आणि पुणे जिल्हा कंपनी सरकारच्या ताब्यात आला. जमिनीची मोजणी झाली, सारा ठरला आणि तो रोख पैशात, ठरल्या हप्त्याने भरणे आले. भात घरचे, नाचणी घरची. पण रुपया घरचा नव्हता. तो सावकाराकडून येऊ लागला. रोखीची गरज हे मजुरीकडे नेणारे पहिले मोठे दार. या दारातून माणूस स्वखुशीने गेला, असे म्हणण्यापूर्वी त्याच्या पाठीमागे कोण उभे होते ते पाहावे लागते.

८/
मधल्या काळातला एक प्रसंग बोलका आहे. १८५७ च्या धामधुमीत सरकारने कॅप्टन नटॉल याच्या हाताखाली महादेव कोळ्यांची एक पलटण उभी केली. डोंगर माहीत असलेली, काटक माणसे हवी होती आणि ती मिळाली. १८६१ मध्ये ही पलटण मोडण्यात आली. आळशी, लुटारू असे शेरे ज्यांच्याविषयी सरकारी कागदांत सर्रास मारले जात, तीच माणसे ठरावीक पगार समोर येताच शिस्तीने कामाला उभी राहिली. काम संपले ते त्यांच्या बाजूने नव्हे.

९/
दहा-बारा वर्षांत याच डोंगरात वेगळेच चित्र दिसले. आंबेगावच्या पश्चिमेला जांभोरी गावचा होन्या भागोजी केंगले याने १८७३ च्या सुमारास सावकारांविरुद्ध बंड पुकारले. त्याच्या माणसांनी सावकारांची नाके कापल्याच्या नोंदी आहेत. १८७६ मध्ये तो पकडला गेला. याच काळात, १२ मे १८७५ रोजी, भीमथडी तालुक्यातल्या सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांची खतपत्रे जाळली आणि दख्खनच्या दंग्यांना तोंड फुटले. १८७९ मध्ये सरकारला शेतकऱ्यांच्या संरक्षणासाठी कायदा करावा लागला.

१०/
कर्जाचा आणि श्रमाचा संबंध इथे नीट पाहा. कर्ज फेडण्यासाठी माणूस मजुरी करतो, हे त्यातले सोपे अर्धे. दुसरे अर्धे असे, की कमाई थेट सावकाराच्या वहीत जाणार असेल, तर अधिक राबण्याचे कारणच उरत नाही. कर्ज काहींना घराबाहेर ढकलते, काहींना एकाच धन्याच्या दावणीला सालगडी म्हणून बांधून ठेवते आणि काहींच्या हाती शस्त्र देते. बाहेरून पाहणाऱ्या अधिकाऱ्याला यातले दिसते ते एकच : ‘हे लोक कामाला येत नाहीत.’

११/
कर्जापाठोपाठ जंगल. १८७८ च्या वनकायद्याने राखीव जंगलांची व्यवस्था पक्की केली. राबासाठी फांद्या तोडणे, गुरे चारणे, फळे गोळा करणे यांवर परवानगी आणि दंड आले. घाटमाथ्यावरच्या कुटुंबासाठी जंगल ही वाईट वर्षाची शिदोरी होती. शेत बुडाले तर जंगल, जंगल आटले तर मजुरी, असा हा क्रम. मधली पायरी काढून घेतली, की माणूस थेट शेवटच्या पायरीवर येतो. बाहेरच्या जगाला मात्र फक्त ‘मजुरांचा पुरवठा वाढला’ असे दिसते.

१२/
आता थोडे पूर्वेकडे, जिल्ह्याच्या कोरडवाहू भागाकडे जाऊ. कारण श्रमाच्या इतिहासातला एक निर्णायक शब्द तिथे जन्माला आला. १८७६-७७ च्या भीषण दुष्काळात सरकारने रस्ते-तलावांची कामे काढली. खर्च कमी व्हावा म्हणून सर रिचर्ड टेंपल यांच्या सूचनेवरून रोजची मजुरी जेमतेम पौंडभर धान्य आणि वर थोडी नाणी इतकी खाली आणण्यात आली. शिवाय एक अट घातली गेली : काम गावाजवळ द्यायचे नाही. माणूस घर सोडून दूरच्या तळावर जाऊन राहायला तयार झाला, तरच तो खरा गरजू. याला नाव पडले ‘अंतराची कसोटी’.

१३/
परिणाम काय झाला? १८७७ च्या सुरुवातीला हजारो उपाशी माणसे ही कामे सोडून निघून गेली. पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची बाजू सरकारपुढे मांडली. विचार करा, पोटात अन्न नसताना लोकांनी काम नाकारले. कारण गुरे, म्हातारी माणसे, तान्ही मुले आणि उरलीसुरली जमीन सोडून मैलोन्मैल जाणे म्हणजे दुष्काळ संपल्यावर परतायला घरच न ठेवणे. काम आणि मजुरी यांच्या बरोबरीने अंतर हाही श्रमाचा एक दर असतो, हे या लोकांनी सरकारला दाखवून दिले.

१४/
तरीही माणसे दूर गेली. मुंबईला पहिली कापड गिरणी १८५० च्या दशकात उभी राहिली आणि कोकणाप्रमाणे घाटावरूनही तरुण तिकडे जाऊ लागले. आंबेगाव तालुक्यातल्या महाळुंगे पडवळ गावचा, गरीब शेतकरी कुटुंबातला एक मुलगा असाच मुंबईत आला आणि गिरणीत कामाला लागला. १२ डिसेंबर १९३० रोजी काळबादेवी भागात परदेशी कापडाने भरलेली मोटारलॉरी अडवताना तो तिच्याखाली चिरडला गेला. बाबू गेनू सैद. आपण त्याला हुतात्मा म्हणून ओळखतो आणि ते योग्यच आहे. पण तो आधी या दोन तालुक्यांतून पोटासाठी बाहेर पडलेल्या हजारो तरुणांपैकी एक होता.

१५/
बाबू गेनू गेला त्याच सुमारास व्हिटली यांच्या अध्यक्षतेखालील शाही श्रम आयोग हिंदुस्थानभर फिरत होता. १९३१ मध्ये आलेल्या त्याच्या अहवालातले एक निरीक्षण आजही मोलाचे आहे : कामगार शहराच्या आकर्षणाने ओढला जात नाही, गावाकडच्या परिस्थितीने तो ढकलला जातो, आणि म्हणूनच त्याचे मन गावाकडे राहते. गिरणीमालक ज्याला कामगारांची ‘गैरहजेरी’ म्हणत, ते बहुतेक वेळा पेरणी, कापणी, लग्न किंवा आजारपण असे. गाव हा त्याचा विमा होता. तो हप्ता भरायला परत जात होता.

१६/
हीच गोष्ट गावाच्या बाजूने मोजली ती डॉ. हॅरल्ड मॅन यांनी. पुण्याच्या शेतकी महाविद्यालयाचे हे प्राचार्य. त्यांनी पुण्याजवळच्या पिंपळे सौदागर आणि आंबेगावला लागून असलेल्या शिरूर तालुक्यातल्या जातेगाव बुद्रुक या दोन गावांची घरोघर पाहणी केली. अहवाल अनुक्रमे १९१७ आणि १९२१ मध्ये आले. तुकड्या-तुकड्यांची जमीन आणि कर्ज यांमुळे बहुसंख्य कुटुंबांचे केवळ शेतीवर भागत नव्हते, हा त्यांचा निष्कर्ष. पिंपळे सौदागरला शेजारी खडकीचा दारूगोळा कारखाना होता, म्हणून तिथल्यांना गाव न सोडता पगार मिळू शकत होता. जातेगावला तशी सोय नव्हती. दोन गावांतल्या माणसांच्या स्वभावात फरक नव्हता. फरक होता चालत जाण्याच्या अंतरात.

१७/
दूरच्या कामाला जाणे कोणाला जमते? ज्याचा हात धरायला तिथे आधीच कोणी आहे त्याला. मुंबईचे डबेवाले हे याचे उत्तम उदाहरण. खेड, मावळ, मुळशी, आंबेगाव, जुन्नर, अकोले या डोंगरपट्ट्यातून आलेली ही माणसे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सुरू झालेला हा व्यवसाय गावाकडच्या ओळखीवर वाढला : भाऊ भावाला आणतो, मामा भाच्याला. आणि चैत्र-वैशाखात गावोगावच्या जत्रा आल्या, की हे सारे रजा घेऊन गावी जातात. मुंबईला ते दिवस डब्याविना काढावे लागतात! याच जाळ्याची दुसरी बाजू अशी, की ज्याचा मामा मुंबईत नाही, त्याच्यासाठी तेच काम जणू अस्तित्वातच नसते.

१८/
इथे जगातला एक प्रसिद्ध सिद्धान्त आठवतो. सेंट लुशिया बेटावर जन्मलेले अर्थतज्ज्ञ आर्थर लुइस यांनी १९५४ मध्ये मांडले, की गरीब देशांच्या शेतीत गरजेपेक्षा जास्त माणसे असतात. उद्योगांना ती जवळजवळ अमर्याद मिळू शकतात. १९७९ मध्ये त्यांना नोबेल मिळाले. पण घाटमाथ्यावरच्या एखाद्या घरात डोकावून हा सिद्धान्त तपासला, तर प्रश्न उभा राहतो : मुंबईला गेलेला मुलगा खरोखरच ‘जास्तीचा’ होता का? त्याची आवणी, त्याचा बांध, त्याचे गुरांमागे जाणे कोणीतरी उचलले. बहुधा त्याच्या आईने आणि बायकोने. एक मजूर शहराला मिळाला, तेव्हा गावातल्या एका बाईचा दिवस लांबला.

१९/
आता त्या ‘अंतराच्या कसोटी’कडे परत येऊ. १९७० ते ७३ या काळात महाराष्ट्रात पुन्हा मोठा दुष्काळ पडला आणि लाखो लोक सरकारी कामांवर आले. वि. स. पागे यांनी १९६५ मध्ये सांगली जिल्ह्यातल्या विसापूर येथे करून पाहिलेल्या प्रयोगातून रोजगार हमी योजना आकाराला येत होती; १९७२ मध्ये ती राज्यभर आली. १९७७ मध्ये कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. मागेल त्याला काम, तेही शक्यतो आपल्याच पंचायत समितीच्या हद्दीत, आणि न दिल्यास बेकारी भत्ता. १८७७ मध्ये अंतर ही गरजूंना गाळणारी चाळणी होती. बरोबर शंभर वर्षांनी जवळचे काम हा हक्क झाला.

२०/
आणि काय घडले? बायका आल्या. रोजगार हमीच्या कामांवर स्त्रियांची संख्या सुरुवातीपासूनच लक्षणीय राहिली. काम गावाजवळ, दर कामाच्या मापावर आणि स्त्री-पुरुषांना सारखाच, मुकादमाची उचल डोक्यावर नाही. ज्या ‘घराबाहेर पडत नाहीत’ असे सांगितले जात होते, त्याच बायका हातात घमेले घेऊन उभ्या राहिल्या. २००५ च्या राष्ट्रीय कायद्याने हा धडा पुढे नेला : काम ५ किलोमीटरच्या आत, त्यापलीकडे असल्यास १० टक्के जादा मजुरी, स्त्रियांसाठी किमान एक तृतीयांश वाटा, लहान मुलांसाठी सांभाळण्याची सोय. कायद्यातले प्रत्येक कलम म्हणजे कोणालातरी कामापासून अडवणाऱ्या एकेका कारणाची कबुली आहे.

२१/
याच काळात आंबेगावात आणखी एक गोष्ट घडली. आनंद कपूर आणि कुसुम कर्णिक यांच्या ‘शाश्वत’ संस्थेने पडकईचे काम रोजगार हमीत बसावे यासाठी चिकाटीने पाठपुरावा केला. म्हणजे जे श्रम पिढ्यान् पिढ्या बिनमोल होत होते, त्यांना सरकारी मस्टरवर जागा मिळाली. मजुरी हाती आली आणि खाचरही आपल्याच मालकीचे तयार झाले. संस्थेला २०१२ मध्ये संयुक्त राष्ट्रसंघाच्या विकास कार्यक्रमाशी निगडित ‘इक्वेटर’ पारितोषिक मिळाले. रस्त्यासाठी खडी फोडणे आणि स्वतःच्या उतारावर भात उभे करणे, दोन्हींत घाम तितकाच. पण दुसऱ्या कामाला लोक बोलावण्याची वाट पाहत नाहीत.

२२/
मात्र याच ‘शाश्वत’ने ज्यांच्याबरोबर काम केले त्या लोकांवर एक मोठा आघात झाला होता. कुकडी प्रकल्पाची पाच धरणे याच दोन तालुक्यांत आहेत : येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे आणि घोड नदीवरचे डिंभे. डिंभ्याच्या पाण्यात भातखाचरे गेली, वस्त्या गेल्या. ज्या गावाच्या नावाने तालुका ओळखला जातो, ते जुने आंबेगावही गेले. जलाशयाला नाव दिले गेले हुतात्मा बाबू गेनू यांचे. पोट भरत नाही म्हणून गाव सोडलेल्या मुलाच्या नावाच्या पाण्याखाली इतरांची गावे गेली. या योगायोगावर भाष्य करण्याची गरज नाही.

२३/
धरणांचे पाणी कालव्यांतून पूर्वेकडे गेले आणि तिथे बागायत फुलली. ऊस आला, विघ्नहर आणि भीमाशंकर हे सहकारी साखर कारखाने उभे राहिले. ऊस तोडायला नगर-मराठवाड्यातून कोयत्याच्या टोळ्या उचल घेऊन येऊ लागल्या. कांदा, टोमॅटो, द्राक्षे, फुले यांना रोजचे हात लागू लागले. तेव्हा पाण्यामागोमाग पश्चिमेची माणसेही उतरली. आवणी उरकली की, आणि पुन्हा भात काढले की, घाटमाथ्यावरची कुटुंबे नारायणगावला येतात. तिथे मजुरांचा बाजार भरतो. शेतकरी येतो, दर ठरतो, टोळी गाडीत बसते. काही दिवस, काही आठवडे मळ्यातल्या शेडमध्ये मुक्काम.

२४/
या बाजारात कोण येते आणि कोण येत नाही, हे नीट पाहिले तर आपला प्रश्न जवळजवळ सुटतो. ज्या घरात म्हातारी धडधाकट आहे, तिथली सून येते. जिथे नाही, तिथली सून येत नाही. मुले आश्रमशाळेच्या वसतिगृहात राहू लागली, तेव्हा जोडपी बाहेर पडू शकली. त्याआधी मुलेही बांधावर झोळीत असत. दुभती म्हैस असलेले घर थांबते, विकलेले घर उतरते. आजारपणाचे कर्ज असले तर दर न विचारता गाडीत बसावे लागते. निर्णय एका माणसाचा दिसतो; खरे तर तो साऱ्या घराचा हिशेब असतो.

२५/
या हिशेबातली एक मोठी रक्कम म्हणजे हिरडा. आदिवासी पट्ट्यातल्या कित्येक कुटुंबांना वर्षाची रोकड बाळहिरड्यातून मिळते. भाव बरा असला, सरकारी खरेदी वेळेवर झाली, तर घर उन्हाळ्यात गावीच राहू शकते. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात या भागातल्या हिरड्याचे मोठे नुकसान झाले आणि भरपाईसाठी लोकांना किसान सभेच्या नेतृत्वाखाली आंदोलने करावी लागली. हिरड्याचा भाव पडला, की नारायणगावच्या बाजारात माणसे वाढणार. मळेवाल्याला वाटते मजूर मिळाले. घाटमाथ्यावर त्याचा अर्थ असतो, या वर्षी जंगलाने हात दिला नाही.

२६/
आता मोजणाऱ्याकडे वळू. १९६१ च्या जनगणनेत हंगामाच्या बहुतांश काळात दिवसाला तासाहून अधिक नियमित काम करणारी व्यक्तीही ‘कामकरी’ धरली गेली. देशातल्या सुमारे २८ टक्के स्त्रिया त्यात आल्या. १९७१ मध्ये व्याख्या बदलली. मुख्य काम कोणते, एवढेच विचारले गेले. ‘घरकाम’ असे उत्तर नोंदवले, की झाले. प्रमाण सुमारे १४ टक्क्यांवर आले. दहा वर्षांत निम्म्या बायकांनी काम सोडले होते का? त्या चिखलात होत्या, गुरांमागे होत्या, पडकईवर होत्या. त्यांनी काही सोडले नव्हते. रकान्याने त्यांना सोडले होते. १९८१ मध्ये ‘मुख्य’ आणि ‘सीमांतिक’ असे भेद करून काही जणींना परत घेण्यात आले.

२७/
म्हणून आकडे वाचताना सावध असावे. २०२३ चे अर्थशास्त्राचे नोबेल मिळवणाऱ्या क्लॉडिया गोल्डिन यांनी दाखवले, की देश शेतीकडून उद्योगाकडे जाताना स्त्रियांचा श्रमसहभाग आधी घटतो आणि शिक्षण व कार्यालयीन नोकऱ्या आल्यावर पुन्हा वाढतो. जुन्नरच्या बागायती पट्ट्यात याची पहिली पायरी दिसते : घरी पैसा आला, की दुसऱ्याच्या रानात जाणे प्रथम सुनेचे थांबते. ती कष्ट थांबवत नाही. घरची जनावरे, घरचा मळा चालूच असतो. वर उसाच्या फडात बिबट्या. पहाटे किंवा तिन्हीसांजेला रानात जाण्याची भीती हाही आता इथल्या श्रमाचा एक खर्च आहे.

२८/
देशपातळीवर पाहा. सरकारी श्रमबल सर्वेक्षणानुसार १५ वर्षांवरील स्त्रियांचा सहभाग २०१७-१८ मध्ये २३.३ टक्के होता. २०२३-२४ मध्ये तो ४१.७ टक्के झाला. वाढ मोठी आहे. पण तिचा बराच भाग ग्रामीण स्वयंरोजगारात आणि घरच्या शेतीत विनावेतन मदत करणाऱ्या स्त्रियांत आहे. तेव्हा आकडा वाढला म्हणून हरखण्याआधी विचारावे : तिच्या हातात पैसे आले का? की एवढेच झाले, की तिच्या कष्टांना अखेर रकाना मिळाला? दोन्ही गोष्टी महत्त्वाच्या आहेत. पण त्या एक नाहीत.

२९/
मग ‘मजूर मिळत नाहीत’ याचे काय? मळेवाल्या शेतकऱ्याची अडचण खोटी नाही. कांदा चार दिवस थांबत नाही आणि त्याचा स्वतःचा भाव त्याच्या हातात नाही. त्या भागातला शिकलेला मुलगा चाकणच्या औद्योगिक वसाहतीत कंत्राटी का होईना, पण महिन्याचा पगार शोधतो. त्याचाही हिशेब चुकीचा नाही. पण ‘लोकांना काम नको’ हे निदान १८७७ मध्ये दुष्काळी तळावरच्या साहेबानेही केले होते आणि काम दाराशी आल्यावर ते खोटे ठरले.

३०/
या दोन तालुक्यांच्या इतिहासातून मला दिसते ते एवढे : माणूस कामाला येतो की नाही, हे त्याच्या वृत्तीपेक्षा चार गोष्टींवर ठरत आले आहे. मागे आधाराला काय आहे (जमीन, जंगल, हिरडा). डोक्यावर काय आहे (सारा, कर्ज, उचल). काम किती लांब आहे. आणि तो गेल्यावर घर कोण सांभाळणार आहे. यांपैकी एकही गोष्ट आळसाच्या रकान्यात बसत नाही. आणि चारही गोष्टी कायद्याने, धोरणाने, भावाने बदलता येतात, बदलल्या गेल्याही आहेत.

३१/
पुढच्या वेळी नाणेघाटाला किंवा भीमाशंकरला जाल, तेव्हा वाटेतल्या उतारांवरची खाचरे थांबून पाहा. ते दगडी बांध कोणत्याही ठेकेदाराने बांधलेले नाहीत. आणि तुमच्या घरातल्या आजी-आजोबांना एकदा विचारा : गाव पहिल्यांदा कोणी सोडले, कोणत्या वर्षी, आणि तेव्हा मागे कोण राहिले? मिळालेले उत्तर खाली लिहा. आपल्या भागाच्या श्रमाचा इतिहास अजून बराचसा अशा उत्तरांतच आहे.

धागा समाप्त.